दहा लाखांतले दहा

राहुरी तालुक्यातलं मुळा धरण भरलं की २६ टीएमसी. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आवर्तनं किती मिळणार, ऊस उभा राहणार की जळणार, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. त्या हिशेबाने भरलेल्या मुळा धरणात जवळपास ७३,६०० कोटी लिटर पाणी मावतं. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले, तर धरणातल्या एकूण थेंबांची संख्या होते १५ आणि त्यापुढे १५ शून्यं.

आता त्यातला एकच थेंब हातावर घ्या. त्या थेंबात हायड्रोजनची अणुकेंद्रं किती? ३३ आणि त्यापुढे २० शून्यं. दर अणुकेंद्रामागे धरणातला एक थेंब बाजूला काढायचा म्हटलं, तर एका थेंबाचा हिशेब पुरा होईपर्यंत सव्वादोन लाख मुळा धरणं कोरडी पडतील.

पुढे येणारे आकडेही असेच आहेत, म्हणून मुळा धरण हे माप शेवटपर्यंत हाताशी ठेवू. विषय आहे माणसाच्या मेंदूतली रसायनं मोजण्याचा, तेही कवटीला धक्का न लावता, सुई न टोचता. ‘एमआरआय काढून आणा’ हे वाक्य आता शेवगाव-पाथर्डीच्या गावातल्या माणसालाही नवं नाही. पण त्याच यंत्रात, त्याच बाकड्यावर झोपवून आणखी एक तपासणी करता येते. तिचं नाव मॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोस्कोपी, थोडक्यात एमआरएस. एमआरआय मेंदूचं चित्र देतो. एमआरएस चित्र देत नाही, एक वेडीवाकडी रेघ देते. त्या रेघेवरची शिखरं म्हणजे मेंदूच्या त्या तुकड्यात आत्ता, या घडीला, कोणतं रसायन किती आहे त्याचा हिशेब.

हा हिशेब लागतो कसा, ते बघताना पहिला धक्का बसतो तो सिग्नलच्या दुबळेपणाचा.

हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे एक इवलंसं चुंबक. एरवी ही चुंबकं कशीही, कुठल्याही दिशेला तोंड करून असतात. मोठ्या रुग्णालयांतल्या अनेक एमआरआय यंत्रांचं चुंबक तीन टेस्लाचं असतं. आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा ते सुमारे सत्तर हजार पट जोरदार. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी द्रव हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेली असतात, आणि एकदा सोडलेला विद्युतप्रवाह त्यांत वर्षानुवर्षं फिरत राहतो. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही चुंबकाच्या पोटातलं तापमान उणे २६९ च असतं.

एवढं प्रचंड क्षेत्र लावलं तर सगळी अणुकेंद्रं निमूटपणे एका दिशेला वळावीत, अशी आपली अपेक्षा. तसं होत नाही. शरीराच्या उष्णतेची हालचाल त्यांना पुन्हा पुन्हा उधळून लावते. तीन टेस्लामध्ये, शरीराच्या तापमानाला, दहा लाख अणुकेंद्रांपैकी ५,००,००५ क्षेत्राच्या बाजूने असतात आणि ४,९९,९९५ विरुद्ध बाजूने. फरक फक्त दहाचा. बाकीची एकमेकांना खोडून काढतात, यंत्राच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखी. एमआरआयची जी चित्रं आपण काळ्या फिल्मवर दिव्यासमोर धरून बघतो, ती सगळी या दहा लाखांतल्या दहांच्या जिवावर निघालेली असतात. आपल्या त्या थेंबात सव्वादोन लाख धरणांइतकी अणुकेंद्रं होती. त्यातली कामाला येणारी उरली दोन-सव्वादोन धरणांइतकी.

आणि हे झालं पाण्याचं. एमआरएसला पाण्यात रस नाही. तिला हवी आहेत पाण्यात विरघळलेली रसायनं, आणि ती फारच थोडी असतात. मेंदूच्या पेशीत एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट नावाचं एक रसायन असतं. डॉक्टर त्याला एनएए म्हणतात. ते मुख्यतः चेतापेशींमध्ये सापडतं, म्हणून ते घटलं की चेतापेशी मेल्या किंवा आजारी पडल्या असं समजायचं. एक लिटर मेंदूत ते असतं साधारण १० मिलिमोल. मेंदूतल्या पाण्याशी तुलना केली तर पाण्याच्या सुमारे चार हजार रेणूंमागे एनएएचा एक. कोलीन त्याहून कमी, एक ते दोन मिलिमोल. चेतापेशींना शांत करणारं गाबा हे रसायन एक-दोन मिलिमोल. निरोगी मेंदूत लॅक्टेट एकाहूनही कमी.

तपासणीसाठी मेंदूतला जो ठोकळा निवडतात त्याची बाजू साधारण दोन सेंटिमीटर असते, म्हणजे आठ मिलिलिटर. त्या ठोकळ्यात एनएएच्या ज्या हायड्रोजनचा सिग्नल पकडायचा, त्यातला दहा लाखांत दहाचा वाटा काढला तर उत्तर येतं १४ वर १४ शून्यं. धरणाच्या भाषेत, मुळा धरणातल्या थेंबांचा दहावा हिस्सा. गाबाचं तेवढंही नाही, दीडशेवा हिस्सा. ज्या ठोकळ्यात पाण्याच्या हायड्रोजनची संख्या ४२ वर २२ शून्यं इतकी आहे, त्यातून एवढा हिस्सा वेगळा ओळखून मोजायचा आहे. आलेखावर एनएएचं शिखर एक सेंटिमीटर उंच काढलं, तर त्याच मापाने पाण्याचं शिखर सुमारे ३० मीटर उंच काढावं लागेल. म्हणून तपासणी सुरू करतानाच पाण्याच्या कंप्रतेवर नेमका मारा करून त्याचा आवाज आधी दाबून टाकतात.

पण हायड्रोजन सगळीकडे हायड्रोजनच. तो पाण्यातला की एनएएमधला, हे यंत्राला कळतं कशावरून? याचं उत्तर १९५१ साली मिळालं, आणि ज्या पदार्थातून मिळालं तो नगर जिल्ह्याच्या चांगल्याच ओळखीचा आहे.

तीन टेस्लामध्ये हायड्रोजनचं अणुकेंद्र सेकंदाला सुमारे १२ कोटी ७७ लाख वेळा भोवऱ्यासारखं डोलतं. हे डोलणं अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे टिपलं. १९५२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये तेव्हा एस. एस. धर्मट्टी नावाचे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी १९५१ साली एक साधा पदार्थ चुंबकात ठेवला. इथेनॉल. त्याच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात: तीन एका टोकाच्या कार्बनवर, दोन मधल्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर. सहाही अणू हायड्रोजनचेच, तेव्हा रेघेवर एकच शिखर यायला हवं होतं. आली तीन, आणि त्यांच्या क्षेत्रफळांचं प्रमाण ३:२:१.

कारण असं, की अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला किंचित अडवतात. शेजारी कोण आहे त्यावर हा आडोसा कमी-जास्त होतो, आणि तेवढ्याने डोलण्याचा वेग बदलतो. म्हणजे हायड्रोजन नुसता ‘मी इथे आहे’ एवढंच सांगत नाही, ‘मी अमुक घरात राहतो’ हेही सांगतो. रसायनशास्त्राला इतकं मोठं हत्यार त्या शतकात क्वचितच मिळालं असेल.

त्याच सुमाराला, १९५० साली, लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. पुढे जिल्हाभर कारखाने झाले, त्यांच्या मळीतून डिस्टिलऱ्या चालल्या, आणि आज पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल इथून टँकरने जातं. धर्मट्टी अमेरिकेहून परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विद्येची प्रयोगशाळा उभी केली. भारतात हे शास्त्र रुजलं त्याच्या अगदी मुळाशी हे नाव आहे. मराठी वाचकाला ते माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. दारू प्यायलेल्या माणसाच्या मेंदूचा एमआरएस केला तर तेच इथेनॉल १.२ च्या आसपास आपलं शिखर दाखवतं.

१.२ म्हणजे काय, ते आता बघायला हवं, कारण दुसरा धक्का तिथे आहे.

आलेखाच्या आडव्या अक्षावर आकडे असतात ते पीपीएमचे, दहा लाखांत किती या हिशेबाचे. शून्य उजवीकडे असतं आणि आकडे डावीकडे वाढत जातात. पाणी ४.७ वर. कोलीन ३.२ वर, क्रिएटिन ३.० वर, एनएए २.० वर, लॅक्टेट १.३ वर. हे पत्ते ठरलेले आहेत. लोणीत, लखनौत किंवा लंडनमध्ये, दीड टेस्लाच्या यंत्रावर किंवा सातच्या, एनएए २.० वरच भेटणार. कोलीन आणि क्रिएटिन यांच्या पत्त्यांत अंतर फक्त ०.२ चं. म्हणजे १२ कोटी ७७ लाखांच्या डोलण्यात या दोघांचा फरक सेकंदाला जेमतेम २५ डोलण्यांचा.

आता चुंबकाकडे बघा. ठोकळ्याच्या एका कोपऱ्यातलं क्षेत्र दुसऱ्या कोपऱ्यापेक्षा ०.२ पीपीएमने जरी वेगळं असलं, तरी इकडचं कोलीन तिकडच्या क्रिएटिनच्या पत्त्यावर जाऊन बसेल आणि दोन शिखरं एकमेकांत मिसळून जातील. तीन टेस्लाचे ०.२ पीपीएम म्हणजे ०.६ मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्ला. म्हणजे पृथ्वीच्या सत्तर हजार पट ताकदीचं क्षेत्र उभं करायचं, आणि त्या आठ मिलिलिटरच्या ठोकळ्यात ते इतकं सपाट ठेवायचं की चढउतार पृथ्वीच्या क्षेत्राच्या सत्तराव्या भागाइतकाही नसावा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात अवघड करामत ही आहे. ताकद पैसे टाकून विकत घेता येते. सपाटपणा मात्र प्रत्येक रुग्णासाठी नव्याने मिळवावा लागतो, कारण माणसाचं डोकं आत गेलं की हाडं, सायनसमधली हवा, कानामागची पोकळी, जुन्या रक्तस्रावातलं लोह ही सगळी मिळून ते क्षेत्र बिघडवतात. या सपाटीकरणाला तंत्रज्ञ ‘शिमिंग’ म्हणतात. ते नीट झालं नाही तर पुढचं सगळं वाया.

म्हणून ठोकळा ठेवणारा माणूस महत्त्वाचा. पडद्यावर मेंदूची तीन बाजूंची चित्रं असतात, त्यांवर एक चौकोन. मेंदूत गाठ असेल तर तंत्रज्ञ माऊसने तो सरकवत तिच्या जिवंत भागावर आणतो, कवटीच्या हाडापासून आणि डोक्याच्या कातडीखालच्या चरबीपासून दूर. चरबी आत आली तर ०.९ आणि १.३ वर तिची शिखरं उसळतात आणि लॅक्टेट त्यांत बुडून जातं. ठोकळा चुकून गाठीच्या मधल्या मेलेल्या भागात पडला, तर जिवंत पेशींची शिखरं हरवतात आणि अहवालाचा फारसा उपयोग होत नाही. मग तांब्याच्या जाळीने मढवलेल्या त्या खोलीचं जाड दार लावतात, कारण बाहेर रेडिओचा गोंगाट आहे. आपले एफएमवाले ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर बोलतात. हायड्रोजन १२७.७ वर, म्हणजे शेजारच्याच गल्लीत.

हाच हायड्रोजन आणखी एका ठिकाणी ऐकला जातो. पारनेर तालुक्याच्या शिवेपलीकडे, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ती आकाशगंगांमधल्या हायड्रोजनचा १,४२० मेगाहर्ट्झचा सूर शोधते. तिथला एकटा अणू स्वतःहून तो सूर काढतो सुमारे एक कोटी दहा लाख वर्षांतून एकदा. तरीही सूर पोहोचतो, कारण अणू अगणित आहेत. मेंदूतली गोष्टही याच जातीची आहे. एकटा अणू काहीच ऐकवू शकत नाही, संख्येच्या बळावर कुजबुज ऐकू येते.

तरी एकदा ऐकून भागत नाही. ठोकळ्याला रेडिओचा धक्का द्यायचा, परत येणारा सिग्नल नोंदवायचा, दोन सेकंद थांबायचं, पुन्हा धक्का. असं १२८ वेळा, म्हणजे सव्वाचार मिनिटं. १२८ नोंदींची बेरीज केली की सिग्नल १२८ पट वाढतो. गोंगाटही वाढतो, पण तो कधी इकडे कधी तिकडे असल्याने वाढतो १२८ च्या वर्गमुळाइतकाच, सुमारे ११ पट. त्यामुळे शिखर गोंगाटातून वर येतं. एवढ्या वेळात त्या अणुकेंद्राचं डोलणं होतं तीन हजार कोटींहून जास्त वेळा.

वर्गमुळाचा हा नियम फार कडक आहे. रेघ दुप्पट स्वच्छ हवी असेल तर चौपट वेळ, १७ मिनिटं. आणि ठोकळा लहान करायचा म्हटला तर त्याहून कठीण. बाजू दोनवरून एक सेंटिमीटर केली की आकारमान आठव्या हिश्शावर येतं आणि तेवढीच स्वच्छ रेघ मिळवायला ६४ पट वेळ लागतो, म्हणजे साडेचार तास. मान न हलवता साडेचार तास कुणी पडून राहू शकत नाही. म्हणून एमआरआयच्या चित्रात एक मिलिमीटरचा ठिपका दिसतो आणि एमआरएसचा ठोकळा त्याहून आठ हजार पट मोठा असतो. ‘स्पेक्ट्रोस्कोपी इतकी चांगली, तर सगळ्या मेंदूची बारीक का करत नाहीत?’ असं नातेवाईक विचारतात. त्याचं कारण हे गणित आहे.

किरणांची भीती वाटणाऱ्यांसाठी एक आकडा सांगून पुढे जातो. एक्स-रेच्या एका फोटॉनमध्ये जितकी ऊर्जा असते, ती या रेडिओलहरीच्या फोटॉनपेक्षा सुमारे अकरा हजार कोटी पट जास्त असते. रेडिओलहरीचा फोटॉन रासायनिक बंध तोडू शकत नाही. शरीरातल्या उष्णतेच्या हालचालीपुढेही तो हजारो पट दुबळा आहे. धोका आहे तो चुंबकाचा, म्हणजे शरीरातल्या पेसमेकरचा, धातूच्या तुकड्याचा. ते आधी सांगायलाच हवं.

एवढ्या खटाटोपातून मिळालेली रेघ नगरच्या रुग्णाच्या काय कामाची?

समजा, कर्जत-जामखेडकडचा कुणी तरुण. अचानक फिट येते. सीटी किंवा एमआरआयमध्ये मेंदूत एक गोल दिसतो, कडा चमकणारी, मध्ये काळं. रेडिओलॉजिस्ट त्याला ‘रिंग’ म्हणतात. घरच्यांना सांगितलं जातं, ‘मेंदूत गाठ आहे.’ त्या क्षणी घरातल्या प्रत्येकाच्या मनात कॅन्सर येतो. पण आपल्या देशात ही रिंग निदान चार गोष्टींची असू शकते: क्षयाची गाठ, फीतकृमीच्या अळीची गाठ, पू झालेला फोड किंवा खरोखरच कॅन्सर. चित्रात त्या चारही एकमेकींसारख्या दिसू शकतात, उपचार मात्र चारही वेगळे. क्षयाला महिनोन्महिने गोळ्या, अनेकदा वर्षभर किंवा जास्त. कृमीला वेगळ्या गोळ्या. पुवाला तातडीने निचरा आणि कित्येक आठवडे प्रतिजैविकं. कॅन्सरला शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे पाठ्यपुस्तकापुरता नाही.

इथे रेघ बोलते. निरोगी मेंदूत कोलीन, क्रिएटिन, एनएए या तीन शिखरांच्या माथ्यांवरून पट्टी ठेवली तर ती एनएएकडे साधारण ४५ अंशांत चढत जाते. रेडिओलॉजिस्ट याला ‘हंटर्स अँगल’ म्हणतात आणि अहवाल लिहिण्याआधी त्यांची पहिली नजर तिथेच जाते. कॅन्सरच्या पेशी भराभर नव्या भिंती बांधत असतात. कोलीन पेशीच्या आवरणाच्या या घडामोडीशी जोडलेलं, म्हणून ते वर जातं. चेतापेशी मरतात, एनएए खाली येतं, पट्टी उलटी कलते. क्षयाच्या जंतूची भिंत चरबीने भरलेली असते, त्याच्या कोरड्या वजनात मोठा वाटा चरबीचाच. त्यामुळे क्षयाच्या गाठीत चरबीचं शिखर उंच दिसतं. पुवाच्या फोडात जंतूंनी आणि पांढऱ्या पेशींनी प्रथिनं तोडून केलेली अमिनो आम्लं ०.९ वर सापडतात, कधी १.९ वर ॲसिटेट आणि २.४ वर सक्सिनेटही. निरोगी मेंदूत अशी शिखरं दिसत नाहीत. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत डॉ. राकेश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाचे आणि पुवाचे फोड या खुणांवरून वेगळे ओळखण्याचं जे काम केलं, ते जगभर वापरलं जातं. ते भारतात झालं याचं नवल नाही, कारण असे रुग्ण इथेच होते.

रेघेला निकालपत्र समजू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. कॅन्सरचा मधला भाग सडला की तिथेही चरबीचं शिखर येतं. क्षयाच्या काही गाठींत कोलीनही वाढतं. म्हणून चांगला रेडिओलॉजिस्ट रेघ एकटी वाचत नाही. चित्र, ताप, छातीचा एक्स-रे, पाठीच्या पाण्याची तपासणी, सगळं शेजारी ठेवून वाचतो. तरीही ज्या रुग्णाला बायोप्सीसाठी कवटीला भोक पाडायचं की आधी गोळ्या सुरू करून दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं, हा निर्णय घ्यायचा असतो, त्याच्यासाठी ही पाच मिनिटं फार मोलाची ठरू शकतात.

कधी कधी नसलेलं शिखरच सगळं सांगतं. १९९४ साली जर्मनीतल्या गोटिंगेनमध्ये डॉक्टरांनी एका २२ महिन्यांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याची वाढ खुंटली होती, हालचाली बिघडल्या होत्या, कारण सापडत नव्हतं. मेंदूचा एमआरएस केला तर ३.० वरचं क्रिएटिनचं शिखर जवळपास नव्हतंच. एरवी क्रिएटिन इतकं हमखास असतं की इतर रसायनं मोजायला त्यालाच माप धरतात. या मुलाचं शरीर ते बनवूच शकत नव्हतं. हा आजार तोवर वैद्यकशास्त्राला ठाऊकच नव्हता. त्याला तोंडावाटे क्रिएटिन देऊन बघितलं, शिखर हळूहळू वर आलं आणि मूलही सुधारू लागलं. पुढे अशी मुलं इतर देशांतही सापडली. हे वाचल्यावर माझ्या मनात आपल्याकडची मुलं येतात, ज्यांच्या कागदावर ‘मतिमंद’ एवढंच लिहून विषय संपवलेला असतो.

चुंबकं वाढत चालली आहेत. मुंबईच्या टाटा संस्थेत १९८० च्या दशकात ५०० मेगाहर्ट्झचं यंत्र आलं, म्हणजे ११.७ टेस्ला. त्यात जायची ती जेमतेम पाच मिलिमीटर रुंदीची काचेची नळी. तितक्याच ताकदीचं, पण अख्खा माणूस आत जाईल असं ९० सेंटिमीटर पोकळीचं चुंबक फ्रान्समध्ये उभं राहिलं आहे. त्याचं नाव इझ्यूल. वजन १३२ टन, तार १८२ किलोमीटर, हेलियम ७,५०० लिटर. त्यातून माणसाच्या मेंदूची पहिली चित्रं २०२४ मध्ये आली. एवढं करून दहा लाखांतला तो फरक दहावरून जातो ३९ वर. ऐकायला थोडं, पण गाबा आणि ग्लुटामेटसारखी एकमेकांत अडकलेली शिखरं सुटी करायला ते लागतं, कारण क्षेत्र वाढलं की पत्त्यांमधलं अंतरही वाढतं.

पण मोठ्या चुंबकापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नवजात बाळांचं काम, आणि त्याचा एक धागा मुंबईच्या सायन रुग्णालयापर्यंत येतो. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचा मेंदू किती दुखावला, हे पहिल्या आठवड्यात नुसतं बघून कळत नाही. बाळ पुढे चालेल का, बोलेल का, हे कळायला दोन वर्षं जातात. अशा बाळांना ७२ तास ३३.५ अंशांपर्यंत थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत रुळला होता. तो आपल्याकडे चालतो का, हे बघायला भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ चाचणी झाली. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांत होतं. २०२१ मध्ये निकाल आला तो चटका लावणारा होता: थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात ३१ टक्के. परदेशात जीव वाचवणारा उपचार इथे अपायकारक ठरला.

असा निकाल लागायला शेकडो बाळं आणि कित्येक वर्षं लागतात. नेमकं इथे एमआरएसचं काम सुरू होतं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या आठ विभागांत २२३ बाळांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत बाळांच्या मेंदूतल्या थॅलॅमस या भागातलं एनएए मोजलं आणि बाळं दोन वर्षांची होत आली तेव्हा पुन्हा तपासली. ज्या ज्या खुणा पाहिल्या होत्या त्यांत पुढचं सगळ्यात अचूक सांगितलं ते एनएएच्या आकड्याने. बाळाला भूल द्यावीच लागते असं नाही. दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कान झाकून ठेवलं की ते यंत्रात झोपतं. थॅलॅमसमधला ठोकळा मोठ्यांच्या ठोकळ्याहूनही लहान असतो, म्हणून धीर जास्त लागतो.

नवा उपचार लागू पडतो की नाही, हे दोन वर्षांऐवजी दोन आठवड्यांत कळू लागलं, तर कमी बाळांवर, कमी वेळात, अपायकारक उपचार लवकर थांबवता येतील आणि गुणकारी उपचार लवकर पुढे नेता येतील. त्यासाठी लागणारं चुंबक पुण्या-मुंबईत आहे. ठोकळा नीट ठेवणारे, शिमिंगला दहा मिनिटं जास्त देणारे आणि रेघ वाचणारे हात जिल्ह्या-जिल्ह्यात तयार करणं, हे काम अजून बाकी आहे.